ख्रिस्ती मतांगीकार आणि सुरतेचा इतिहास

मुंबईहून उत्तरेस जाणारी गाडी नवसारी आणि सचिन मागे टाकून सुरतेजवळ येऊ लागली, की उधन्याच्या अलीकडे भेस्तान नावाचे एक लहानसे स्थानक लागते. जलद गाड्या तेथे थांबत नाहीत. एके काळी शेतांमध्ये वसलेला हा भाग आता सुरत शहरात मिसळून गेला आहे, आणि कापडाच्या धंद्यामुळे खानदेशातून आलेल्या मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आसपासच्या उपनगरांतून पसरली आहे. धर्मेतिहासाच्या दृष्टीने या स्थानकाचे महत्त्व एवढेच, की दोन अगदी भिन्न ख्रिस्ती परंपरांच्या मधोमध ते उभे आहे. दक्षिणेस बलसाडच्या बाजूला जे मिशनरी आले, ते कोणताही लिखित मतांगीकार न मानणारे होते. उत्तरेस सुरतेत जे आले, त्यांच्या मंडळीत मतपत्रावर सही केल्यावाचून कोणालाही पाळक होता येत नसे. या दोन्ही परंपरा १९७० साली नागपूर येथे एका मंडळीत सामील झाल्या. ख्रिस्ती धर्मातील प्राचीन मतांगीकारांना आजच्या श्रद्धावंताच्या जीवनात काय अर्थ आहे, हा प्रश्न पुस्तकांतून पुष्कळ चर्चिला गेला आहे. दक्षिण गुजरातेत मात्र तो लोकांच्या प्रत्यक्ष जीवनात, आणि पुढे न्यायालयातही, उभा राहिला.

मतांगीकार म्हणजे काय, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. मराठी ख्रिस्ती उपासनेत विश्वासांगीकार असाही शब्द आहे. ईश्वर, येशू ख्रिस्त आणि पवित्र आत्मा यांच्यावरील श्रद्धा थोडक्यात सांगणारे ते एक निवेदन असून उपासनेत सर्व मंडळी उभी राहून ते एका स्वराने म्हणते. त्यांपैकी दोन विशेष प्रसिद्ध आहेत. एक प्रेषितांचा मतांगीकार आणि दुसरा निकेयाचा. पहिला आकाराने लहान आणि साधा आहे. दुसरा अधिक विस्तृत असून त्यात तत्त्वज्ञानाची परिभाषा आली आहे.

प्रेषितांच्या मतांगीकाराविषयी पुरातन काळापासून एक आख्यायिका सांगितली जात असे. येशूचे बारा शिष्य धर्मप्रसारार्थ दूरदेशी जाण्यापूर्वी एकत्र जमले आणि प्रत्येकाने एक एक वाक्य सांगून तो पूर्ण केला, अशी ती कथा. रुफिनस नावाच्या लेखकाने इसवी सन ४०० च्या सुमारास अशीच हकिकत नोंदविली आहे. पंधराव्या शतकात लोरेन्झो वाल्ला या इटालियन विद्वानाने तिच्याविषयी शंका घेतली, आणि आज कोणीही संशोधक ती खरी मानीत नाही. तथापि आख्यायिका गेली म्हणून मतांगीकाराचे मूल्य गेले असे झाले नाही. उलट त्याचा खरा उगम कळल्याने त्याचा अर्थ अधिक उजळून निघाला.

तो उगम बाप्तिस्म्याच्या पाण्यात आहे. हिप्पोलिटसच्या नावाशी जोडल्या गेलेल्या एका प्राचीन ग्रंथात बाप्तिस्म्याचा विधी वर्णिलेला आहे. दीक्षा घेणारा पाण्यात उतरे. पित्यावर तुझा विश्वास आहे काय, असे त्याला विचारले जाई. आहे, असे त्याने उत्तर दिले की त्याला पाण्यात बुडविले जाई. मग पुत्राविषयी प्रश्न, उत्तर आणि पुन्हा बुडविणे. मग पवित्र आत्म्याविषयी तसेच. तीन प्रश्न, तीन उत्तरे आणि तीन वेळा पाण्यात जाणे, हा मतांगीकाराचा मूळ साचा होय. ही प्रश्नोत्तरे पुढे सलग निवेदनाच्या रूपात गुंफली गेली. रोमच्या मंडळीत प्रचलित असलेला त्याचा जुना पाठ चौथ्या शतकातील लिखाणात सापडतो, आणि आजचा पाठ आठव्या शतकाच्या आरंभी सिद्ध झालेला दिसतो. दीक्षार्थ्याला तो तोंडीच शिकवीत आणि त्याने तो लिहून न ठेवता पाठ करून मंडळीसमोर म्हणून दाखवावा, असा दंडक असे. गुरुमुखातून मंत्र घेण्याची परंपरा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यातील भाव समजावयास अडचण पडू नये.

या मतांगीकारात येशू आणि त्याची माता मरिया यांच्याखेरीज आणखी एकाच मनुष्याचे नाव येते. ते म्हणजे पोंतियस पिलात. हा काही संत नव्हे. तो यहुदिया प्रांतावर नेमलेला एक रोमन अधिकारी होता. त्याचे नाव कोरलेला शिलालेख १९६१ साली कैसरिया येथे सापडला. एवढ्या पवित्र निवेदनात या सुभेदाराचे नाव कशाला? याचे उत्तर असे, की हे निवेदन एखादे तत्त्व सांगून थांबत नाही, तर एक घटना सांगते, आणि घटना म्हटली की तिला काळ लागतो. अमक्याच्या अमलात हे घडले, एवढे सांगण्यासाठी पिलात तेथे उभा आहे.

निकेयाच्या मतांगीकाराची गोष्ट निराळी आहे. ३२५ साली सम्राट कॉन्स्टंटाइन याने आजच्या तुर्कस्तानातील इझनिक, म्हणजे तेव्हाचे निकेया, या नगरात बिशपांची परिषद बोलाविली. परंपरा त्यांची संख्या ३१८ सांगते. आलेक्झांड्रियाचा धर्मोपदेशक एरियस याचे म्हणणे असे, की पुत्र कितीही श्रेष्ठ असला तरी तो निर्माण केलेला आहे, आणि तो नव्हता असा एक काळ होता. परिषदेने हे मत नाकारले आणि पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे असे ठरविले. त्यासाठी वापरलेला ग्रीक शब्द बायबलात कोठेही नाही, यावरून पुढे पन्नासाहून अधिक वर्षे वाद चालला. निकेयाचा पक्ष उचलून धरणारा बिशप अथनाशियस याला पाच वेळा हद्दपार व्हावे लागले. आज उपासनेत म्हणतात तो पाठ ३८१ च्या कॉन्स्टंटिनोपल येथील परिषदेशी जोडला जातो.

येथे एक मोठा बदल घडून आला होता. पाण्यात उभ्या असलेल्या माणसाने दिलेले उत्तर आता सम्राटाच्या आज्ञेने तपासले जाऊ लागले. जो म्हणणार नाही त्याचे पद जाई, प्रसंगी देशही सुटे. मतांगीकाराला तेव्हापासून दोन चेहरे आले. एक साक्षीचा आणि दुसरा कसोटीचा. पुढील सोळाशे वर्षांचा इतिहास या दोन चेहऱ्यांच्या ओढाताणीचा आहे. ४५१ च्या काल्सेदोन येथील परिषदेत ख्रिस्ताचे ईश्वरत्व आणि मनुष्यत्व यांचा संबंध सांगणारे सूत्र ठरले, ते आर्मेनियन, कॉप्टिक आणि सिरियन मंडळ्यांनी मान्य केले नाही. पश्चिमेकडील लोकांनी निकेयाच्या पाठात, आत्मा पित्यापासून आणि पुत्रापासूनही निघतो, अशी भर घातली. रोमने ती १०१४ मध्ये उपासनेत स्वीकारली, आणि पूर्व व पश्चिम यांच्यातील दुराव्याचे ते एक कारण होऊन बसले.

ही सारी भांडणे दूरच्या समुद्राकाठची असे वाटेल. परंतु सतराव्या शतकातील सुरतेत त्यांचे सर्व वारसदार एकाच नगरात नांदत होते. कतारगामच्या बाजूला आजही इंग्रज, डच आणि आर्मेनियन यांची कबरस्ताने आहेत. इंग्रजांकडील ऑक्झेन्डन बंधूंचे आणि डचांकडील हेन्ड्रिक व्हॅन रीड याचे, अशी घुमटांची भव्य स्मारके पाहून ती मोगल सरदारांची असावीत असाच भास होतो. आर्मेनियनांच्या शिळा साध्या असून त्यांवर त्यांच्या लिपीत लेख कोरलेले आहेत. कापुचिन संघाचे रोमन धर्मगुरूही शहरात होते. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरतेवर स्वारी केली तेव्हा फादर अँब्रोज या कापुचिन साधूच्या घराला धक्का लागू दिला नाही, असे फ्रेंच प्रवासी बर्निये याने लिहून ठेविले आहे. निकेयाच्या मतांगीकारात भर घालणारे रोमन, तीच भर कायम ठेवणारे इंग्रज आणि डच, व ती भर आणि काल्सेदोनचे सूत्र दोन्ही नाकारणारे आर्मेनियन, असे सारे तापीच्या काठी शेजारी शेजारी पुरले गेले. निकेयाच्या परिषदेचा निर्णय मात्र त्या सर्वांनाच मान्य होता.

व्यापाऱ्यांच्या मागोमाग मिशनरी आले. १८१५ पासून लंडन मिशनरी सोसायटीचे काम सुरतेत सुरू झाले, आणि गुजराती बायबलाचे आरंभीचे मुद्रण तेथील छापखान्यात झाले. हे काम १८४० च्या दशकात आयरिश प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेले. त्यांची पहिली तुकडी १८४१ साली राजकोटास येऊन पोहोचली होती. या आयरिश मंडळीचा स्वतःचा इतिहास मतपत्राच्या वादाने भरलेला आहे. वेस्टमिन्स्टर येथे सतराव्या शतकात तयार झालेल्या मतपत्रावर पाळकांनी सही केलीच पाहिजे की नाही, यावरून आयर्लंडात १७२५ साली एक फूट पडली आणि १८३० साली दुसरी. सही मागणाऱ्या पक्षाचा अखेर विजय झाला, आणि १८४० मध्ये एकत्र आलेल्या त्या मंडळीने लगेच गुजरातेस माणसे पाठविली. शब्दांच्या काटेकोरपणासाठी घर फोडून आलेली ही मंडळी होती. त्यांनी सुरतेत शाळा काढल्या, छापखाना चालविला आणि नव्या ख्रिस्ती कुटुंबांना प्रश्नोत्तरावली पाठ करावयास लाविली.

भेस्तानच्या दक्षिणेस आलेली माणसे निराळ्या मुशीतील होती. १७०८ साली जर्मनीतील श्वार्त्सेनाउ या गावी अलेक्झांडर मॅक आणि त्यांचे सोबती, एकूण आठ जण, एडर नदीत उतरले आणि त्यांनी पुन्हा बाप्तिस्मा घेतला. राजसत्तेच्या धर्मात श्रद्धा सक्तीची होते, असे त्यांचे मत होते. छळामुळे पुढे ही मंडळी अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात गेली. चर्च ऑफ द ब्रेदरेन या नावाने आज ती ओळखली जाते. नवा करार हाच आपला मतांगीकार, दुसरा नको, ही त्यांची प्रतिज्ञा.

यामागील कारण बेंजामिन फ्रँकलिनने आपल्या आत्मचरित्रात मोठ्या कौतुकाने सांगितले आहे. या पंथाविषयी लोक भलभलत्या अफवा उठवितात, अशी तक्रार मायकेल वेलफेअर नावाच्या गृहस्थाने त्याच्याजवळ केली. तेव्हा फ्रँकलिनने सुचविले, की आपली मते छापून प्रसिद्ध करा म्हणजे अफवा आपोआप बंद होतील. वेलफेअरचे उत्तर असे, की तो विचार होऊन गेला आहे. आम्ही ज्यांना सत्य समजत होतो त्यांतील काही गोष्टी पुढे चुका ठरल्या, आणि ज्यांना चुका समजत होतो त्यांतील काही सत्य ठरल्या. आज छापून टाकले, तर उद्या अधिक प्रकाश मिळाला तरी आम्ही त्या छापील शब्दाने बांधले जाऊ, आणि आमची मुले तर आमच्याहूनही अधिक. धर्मपंथाच्या इतिहासात एवढी विनम्रता क्वचितच आढळेल, असा अभिप्राय फ्रँकलिनने दिला आहे.

या पंथाचे विल्बर व मेरी स्टोव्हर हे दांपत्य आणि बर्था रायन असे तिघे १८९४ साली हिंदुस्थानात आले आणि पुढील वर्षी बलसाड येथे स्थायिक झाले. पाठोपाठ छप्पनियाचा, म्हणजे १८९९-१९०० चा, भीषण दुष्काळ आला, आणि अन्नदान व अनाथ मुलांचा सांभाळ हेच त्यांचे पहिले मोठे काम ठरले. पुढे अंकलेश्वर, व्यारा या भागांतील आदिवासी वस्त्यांत आणि मराठी मुलखात डहाणू-पालघरकडेही त्यांच्या मंडळ्या उभ्या राहिल्या. या मंडळीचा बाप्तिस्मा मोठा लक्षणीय आहे. दीक्षा घेणारा वाहत्या पाण्यात गुडघे टेकतो, त्याला प्रश्न विचारले जातात, आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने तीन वेळा पुढे वाकवून बुडविले जाते.

यात एक चमत्कारिक योग आहे. ज्यांनी मतांगीकाराचे शब्द सर्वस्वी नाकारले, त्यांनीच ज्या कृतीतून ते शब्द जन्मास आले ती कृती जिवंत ठेविली होती. आणि ज्यांनी शब्द काटेकोरपणे जपले, त्या प्रेस्बिटेरियनांत बाप्तिस्मा बहुधा बालवयातच होई आणि पाण्याचे चार थेंब शिंपडले जात. एकाजवळ उत्तर होते, दुसऱ्याजवळ प्रश्नाचा प्रसंग होता. दोघांचे मिळून जे होते, ते रोमच्या जुन्या मंडळीत एकाच ठिकाणी नांदत असे.

स्वतंत्र बुद्धीच्या माणसाला मतांगीकार कसा भेडसावतो, याचे मराठी उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे. १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नंतर त्रैक्याच्या सिद्धांताविषयी त्यांचे आणि त्यांच्या इंग्रज गुरुभगिनींचे दीर्घ पत्रव्यवहार झाले, ते १९७७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले आहेत. हिंदुस्थानातील पुरोहितवर्गाचे जोखड मोठ्या कष्टाने झुगारल्यावर तसेच दुसरे जोखड मानेवर घेण्यास त्यांचा स्पष्ट नकार होता. बायबल स्वतः वाचून जे पटेल तेच म्हणणार, हा त्यांचा बाणा. पुढे १९०७ च्या आपल्या साक्षलेखात त्यांनी कबूल केले, की बाप्तिस्म्याच्या वेळी आपणांस ख्रिस्ती धर्म सापडला होता, परंतु ख्रिस्त सापडला नव्हता. तो काही वर्षांनी सापडला. रमाबाईंनी श्रद्धेचे शब्द कधी सोडले नाहीत. ते उसने उच्चारावयास मात्र त्या तयार नव्हत्या. इब्री आणि ग्रीक भाषा शिकून साध्या मराठीत बायबल उतरविण्यासाठी त्यांनी उत्तरायुष्य वेचले, ते याच वृत्तीने.

अशा पार्श्वभूमीवर २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरास उत्तर भारताची मंडळी, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, स्थापन झाली. अँग्लिकन, बाप्टिस्ट, मेथॉडिस्टांची एक शाखा, डिसायपल्स, ब्रेदरेन आणि प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल परंपरांची आधीच एकत्र आलेली मंडळी, असे सहा प्रवाह तीत मिळाले. बिशप मानणारे आणि न मानणारे, बालकांना बाप्तिस्मा देणारे आणि केवळ प्रौढांनाच देणारे, अशांना एकत्र बसवावयाचे होते. वाटाघाटींना चार दशकांहून अधिक काळ लागला. सर्वोच्च प्रमाण बायबलच राहील, आणि प्रेषितांचा व निकेयाचा असे दोन मतांगीकार श्रद्धेची साक्ष देणारे व तिचे रक्षण करणारे म्हणून स्वीकारले जातील, अशी योजना ठरली. साक्ष हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. साक्ष ही नेहमी दुसऱ्या कशाविषयी तरी असते. ती स्वतः देव होऊन बसत नाही. ब्रेदरेनांना याच शब्दामुळे या योजनेत जागा मिळाली.

पुढील इतिहास मात्र सुखाचा नाही. गुजरातेतील ब्रेदरेन मंडळीतील काही लोकांनी थोड्याच वर्षांत हे विलीनीकरण आपणांस मान्य नसल्याचे सांगितले. देवळे, शाळा, जमिनी कोणाच्या, हा वाद खालच्या न्यायालयांपासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. अशा तंट्यात दिवाणी न्यायालयाचा अधिकार किती, याविषयी २००५ साली एक निर्णय झाला. त्यानंतर ३० सप्टेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले, की सार्वजनिक न्यास केवळ ठराव करून विसर्जित होत नाही, आणि ब्रेदरेनांच्या त्या न्यासाचे विलीनीकरण कायद्याच्या दृष्टीने पूर्ण झालेले नव्हते. न्यायालयाने पाहिले ते न्यासाचे कागद आणि ठरावांची रीत. कोणाची श्रद्धा खरी हा प्रश्न तेथे नव्हता, असूही शकत नव्हता. तरी एकाच प्रभूचे नाव घेणारी कुटुंबे चाळीस वर्षे परस्परांविरुद्ध वकील उभे करीत राहिली, हे दुःख उरतेच.

यावरून एकत्र म्हटलेला मतांगीकार निष्फळ असतो, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. तसेच मतांगीकार नसला की भांडण होत नाही, असे म्हणणेही सोपे आहे. सुरतेचा इतिहास दोन्ही समजुती खोट्या ठरवितो. आयर्लंडातील मंडळी शब्दांवरून फुटली. गुजरातेत ज्या घरात शब्दांची सक्ती कधी नव्हती तेही घर दुभंगले, आणि तेथे वाद शब्दांचा नव्हता, मिळकतीचा आणि ओळखीचा होता. मतांगीकार माणसांना जोडून ठेवण्याचे काम स्वतः करीत नाही. आपण कशासाठी जोडले गेलो होतो, याची आठवण तो देतो. ती ऐकावयाची की नाही, हे ऐकणाऱ्याच्या हाती राहते.

आजच्या मराठी श्रद्धावंतापुढे आणखी एक अडचण आहे. मतांगीकारातील जुनी परिभाषा भाषांतरात अर्थ पालटते. त्रैक्यातील तिघांना मराठीत व्यक्ती म्हणतात. ऐकणाऱ्याला तीन निरनिराळे इसम डोळ्यांपुढे दिसतात आणि तीन देव मानले जातात असा समज होतो. संस्कृतात व्यक्ती या शब्दाचा मूळ अर्थ प्रकट होणे असा आहे, आणि लॅटिनमधील मूळ शब्द नटाच्या मुखवट्यासाठी वापरला जात असे. कोणताच शब्द पुरेसा पडत नाही, हे जुन्या आचार्यांनाही ठाऊक होते. मौन पाळण्यापेक्षा अपुरा का होईना पण काही शब्द असावा, एवढाच त्यांचा दावा होता. हे ध्यानात घेतले, तर मतांगीकार म्हणताना प्रत्येक शब्दाचा उलगडा झालाच पाहिजे असा हट्ट उरत नाही, आणि न उलगडलेल्या शब्दाचा दुसऱ्यावर दंडुका उगारण्याचा अधिकारही उरत नाही.

शतकानुशतकांची तेढ शब्दांचा नीट अर्थ लावल्याने सुटू शकते, याचीही उदाहरणे आहेत. डिसेंबर १९९६ मध्ये आर्मेनियन मंडळीचे प्रमुख कारेकिन पहिले आणि पोप जॉन पॉल दुसरे यांनी संयुक्त निवेदन काढून, ख्रिस्ताच्या स्वरूपाविषयीचा जुना दुरावा मुख्यतः परिभाषेच्या गैरसमजातून वाढला होता, हे मान्य केले. कतारगामच्या मातीत जे वेगवेगळ्या कुंपणांत पुरले गेले, त्यांच्या वारसांनी सुमारे साडेपंधराशे वर्षांनी एकमेकांचे उत्तर ओळखले. २०२५ साली निकेयाच्या परिषदेस सतराशे वर्षे पूर्ण झाली, तेव्हा रोमचे पोप आणि कॉन्स्टंटिनोपलचे कुलगुरू यांनी त्याच इझनिक नगरात जाऊन एकत्र प्रार्थना केली.

फ्रँकलिनला वेलफेअरने जे सांगितले ते आजही खरे आहे. अधिक प्रकाश मिळण्याची वाट बंद करणारा मतांगीकार श्रद्धेला मारक ठरतो. परंतु पाण्यात उभ्या असलेल्या माणसाला कोणीतरी प्रश्न विचारला पाहिजे, आणि त्याने आपल्या तोंडाने उत्तर दिले पाहिजे, हेही तितकेच खरे आहे. त्या उत्तराचा आरंभ एकवचनी असतो. तो मी म्हणतो, पण जे म्हणतो ते त्याच्या आधी असंख्यांनी म्हटलेले असते. भेस्तानच्या उत्तरेस पाठ झालेले शब्द आणि दक्षिणेस नदीत टेकलेले गुडघे ही दोन्ही एकाच उत्तराची अंगे आहेत. आजच्या श्रद्धावंताने मतांगीकार म्हणताना आपण कसोटीस बसलो आहोत असे न समजता आपणास काही विचारले गेले आहे असे समजावे, आणि मग जेवढे मनापासून म्हणता येईल तेवढे निर्भयपणे म्हणावे. उरलेले म्हणावयास शेजारी उभी असलेली मंडळी आहेच.